नारायणरावाचा खून आणि कादंबरीतले राघोबादादा: दुष्ट माणूस खरा कसा लिहावा?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

३० ऑगस्ट १७७३ या एका दिवसावर कादंबरी लिहिते आहे. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तो दिवस. सकाळपासून रात्रीपर्यंत, एवढाच काळ. मागचं सगळं त्या दिवसातच लोकांच्या बोलण्यातून यावं असा बेत आहे.

पहिली प्रकरणं ओळखीच्या काही जणांना वाचायला दिली आणि गोंधळात पडले. दोघांचं म्हणणं असं की मी राघोबादादांना धुऊन काढते आहे. अटकेपर्यंत धडक मारलेला सेनापती, आता पुतण्याच्या नजरकैदेत वाड्याच्या एका दालनात बसलेला, हे वाचताना माणूस बिचारा वाटायला लागतो आणि खुनाचं काही वाटेनासं होतं. तिसऱ्याचा आग्रह वेगळाच. आनंदीबाई तुम्ही नुसती दाराआड उभी केली आहे, तिला पुढे आणा, वाचकाला तीच हवी असते, असं त्याने सांगितलं.

माझी अडचण खरी आहे. दादांना सरळ खलनायक करायला बसले की लेखणी चालत नाही, कारण तसा माणूस मला कुठल्याच कागदात दिसत नाही. आणि जसा दिसतो तसा लिहिला की अठरा वर्षांच्या पोराला कापून काढलं गेलं याची चीड यायला हवी ती येत नाही. इथे ऐतिहासिक लिहिणारे आणि वाचणारे बरेच आहेत म्हणून विचारते. दुष्टपणा लिहायचा कसा? आणि कागदात जे नाही ते कुठवर लिहायचं?

---

पालशेतची वाट

आनंदीबाईंना पुढे आणू नका, एवढी कळकळीची विनंती. आमच्या गुहागरच्या ओकांची लेक. 'ध'चा 'मा' केला म्हणून अडीचशे वर्षं शाळेतल्या पोरांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळ्यांनी तिला झोडपलं. ज्या कागदावर तिने ते अक्षर बदललं म्हणतात तो मूळ कागद आज उपलब्ध नाही. नवरा १७८३ मध्ये कोपरगावला गेला, पुढे मुलांसकट पहाऱ्यात राहून ती १७९४ मध्ये वारली. तिचा मुलगा, दुसरा बाजीराव, अशाच पहाऱ्यात वाढला. निदान नव्या लेखिकेने तरी तोच दगड पुन्हा उचलू नये.

---

बोरू आणि शाई

ताई, तुमच्या त्या दोन वाचकांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. त्यांना काहीतरी खुपलं आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे.

मी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितो. आयुष्याचा बराच भाग मोडी कागदांपुढे गेला. त्या कागदांत मी दुष्टपणा शोधायला जायचो तेव्हा तो सापडत नसे, कारण मी तो भडक रंगात शोधत होतो. दफ्तरातले बहुतेक कागद पैशाचे असतात. कुणाचं किती देणं राहिलं, कुणाला काय पोहोचलं, कुणाचा बंदोबस्त करावा. माणसाचं वाईट करणारी माणसंही याच भाषेत लिहितात. 'याचा गळा चिरा' असं कुणी लिहून ठेवत नाही.

आता दादांकडे या. खुनानंतर पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी चालवली. त्यात दादांनी काय कबूल केलं हे ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिलं आहे. पुतण्याला धरायचा हुकूम मी दिला होता, मारायचा नव्हता. बहुतेक लेखक इथे दोनपैकी एक वाट धरतात. दादा खोटं बोलले म्हणायचं आणि त्यांना राक्षस करायचं, किंवा खरं बोलले म्हणायचं आणि सगळं आनंदीबाईच्या पदरात टाकायचं. मी ते वाक्य खरं धरतो आणि तरीही दादांना सोडत नाही.

कारण बघा. वाड्यात हत्यारबंद गारदी, म्हणजे पगारी शिपाई, त्यांचा पगार थकलेला, डोकी तापलेली. अशा लोकांना 'पेशव्याला धरा' असं सांगायचं, तेही भर दुपारी, त्याच्याच घरात. धरणं कुठे थांबेल हे न कळायला माणूस अडाणी हवा. दादा अडाणी नव्हते. १७५८ साली लाहोरापर्यंत फौज नेलेला हा माणूस. हुकूम तोंडातून सुटल्यावर फौजेच्या हातात त्याचं काय होतं हे पुण्यात त्यांच्याइतकं जाणणारे थोडेच असतील. त्यांनी आपल्याला हवं ते मागितलं आणि जे नक्की घडणार होतं त्याकडे पाठ करून बसले. माझ्या मते दुष्टपणाची खरी जागा ती पाठ आहे. तुमच्या वाचकांना चीड येत नाही, कारण तुम्ही दादांचं दुःख लिहिलं आहे (ते खरंच आहे, एप्रिलपासूनची नजरकैद साधी नव्हती) आणि ही पाठ फिरवणं अजून लिहिलेलं नाही.

दुसरी जागा त्या दालनातली. तिथे मात्र घाई करू नका, चार पानं लागली तर लागू द्या. नारायणराव धावत काकांच्या दालनात येतात आणि त्यांना मिठी मारतात. 'काका मला वाचवा' सगळ्यांना पाठ आहे, ती ओळ तुम्ही नाही लिहिली तरी वाचकाला ऐकू येईल. ग्रँट डफ सांगतो की दादांनी पुतण्यासाठी शब्द टाकला. गारद्यांपैकी सुमेरसिंग म्हणाला, इथवर आलो तो स्वतःचा नाश करून घ्यायला नाही, सोडा त्याला, नाहीतर तुम्हीही त्याच्याबरोबर मराल. मग दादांनी ती मिठी सोडवली आणि गच्चीकडे निघून गेले. दादांचा नोकर तुळाजी पवाराने नारायणरावांना पायाला धरून ओढलं. तेवढ्यात चापाजी टिळेकर हा खिदमतगार आत धावत आला. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं. पोराने आता त्याच्या गळ्याला मिठी घातली आणि दोघंही एकाच जागी तोडले गेले.

एका खोलीत, एका श्वासाच्या अंतराने, दोन माणसांच्या गळ्यात तेच हात पडले. एकाने ते सोडवले. सोडवणारा रणांगणावर कधी कच खाल्लेला नव्हता आणि न सोडवणारा वाड्यातला नोकर होता. तुम्ही दादांना कितीही मायेने लिहा, ती बोटं एकेक करून सोडवताना त्यांच्या मनात काय होतं ते टाळू नका. मला वाटतं त्या वेळी ते स्वतःला सांगत असतील की मी शब्द टाकला होता, माझ्याकडून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं. हे माझं वाटणं आहे, कागद नाही. पण कादंबरीकाराची जागा नेमकी इथेच. काय घडलं ते कागद सांगतो आणि ते करताना माणसाने स्वतःची समजूत कशी घातली ते आपण शोधायचं. उलटं करू नये. मनात घोळणारं काहीतरी रचायचं आणि मग त्याला जुळेल अशी घटना बनवायची, हा इतिहासाशी खोटेपणा आहे, आणि तो आपल्याकडे पुष्कळ झाला.

तिसरी गोष्ट, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त छळते. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे रामशास्त्र्यांच्या चौकशीत ४९ जण दोषी निघाले. १३ गारदी, २६ ब्राह्मण, ३ प्रभू आणि ७ मराठे. हे आकडे शांतपणे परत वाचा. तलवार चालवणारे गारदी चौथ्या हिश्श्याच्या आसपास. बाकीचे निरोप नेणारे, पैशाची बोलणी करणारे, दार उघडं ठेवणारे, माहीत असून गप्प बसणारे. निम्म्याहून जास्त तर पेशव्यांच्याच जातीचे. एवढी माणसं लोकांच्या आठवणीतून गेली कुठे? ती सगळी एका बाईच्या पदराआड लपली. आधीच्या प्रतिसादातल्या ताईंचा राग म्हणूनच मला पटतो. अक्षर बदलल्याची ती गोष्ट खरी की खोटी हा वाद होत राहील, पण ती इतकी चालली याचं कारण ती सोयीची होती. ४९ जणांची लाज एकटीच्या माथी मारता आली.

आनंदीबाईंना दाराआडच ठेवा. दारात त्या ४९ जणांना उभं करा.

---

शिलेदार_७१

वर गारद्यांचं आलं म्हणून लिहितो. कादंबऱ्यांत गारदी म्हटलं की डोळे लाल, तोंडाला दारूचा वास, एवढंच असतं. हे कवायती पायदळ होतं. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, शेवटपर्यंत लढले. वतनदार सरदाराची नाळ गावाशी, जमिनीशी बांधलेली असते. गारद्याचं सगळं महिन्याच्या पगारावर. पगार थकला की त्याच्याकडे दुसरं काहीच नाही. म्हणून खून माफ होत नाही, सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ यांनी जे केलं ते केलंच. पण त्यांना पगार न देणारे कोण होते, आणि त्या थकबाकीचा उपयोग कुणी करून घेतला, हे कादंबरीत यायला हवं.

त्यांच्यात हिंदू आणि मुसलमान दोन्ही होते हेही स्पष्ट लिहा. काही लोक आजकाल या खुनाला वेगळाच रंग देतात.

---

सनावळी

बोरू आणि शाई यांचं बरंचसं पटलं, पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. आनंदीबाईची गोष्ट सोयीची म्हणून संशयाने बघायची, ठीक. मग रामशास्त्र्यांची? भर दरबारात राघोबांना 'या पापाला देहान्त प्रायश्चित्त' असं ठणकावून सांगणारा न्यायाधीश, हे चित्र तर त्याहून सोयीचं आहे. आपल्याला आपल्या न्यायाचा अभिमान वाटतो ना. ग्रँट डफ लिहितो ते खुनानंतर ५३ वर्षांनी. जो ग्रँट डफ अक्षर बदलल्याची समजूतही नोंदवतो आणि आनंदीबाईला कुप्रसिद्ध म्हणतो, त्याचंच रामशास्त्र्यांचं बोलणं आपण शब्दशः खरं धरतो. वाईटाला एक माप आणि चांगल्याला दुसरं, हे कसं चालेल?

---

बोरू आणि शाई

सनावळी, फार योग्य जागी अडवलंत. माप एकच हवं आणि मी तेच लावतो.

रामशास्त्र्यांच्या तोंडची वाक्यं मी शब्दशः खरी धरत नाही. थोर माणसाचं बोलणं तोंडोतोंडी जाताना घासूनपुसून लखलखीत होतं, हे सगळीकडेच होतं. पण वाक्यं बाजूला काढली तरी उरतं ते बघा. प्रत्यक्ष सत्ताधाऱ्याविरुद्ध चौकशी झाली. ती साधारण सहा आठवडे चालली. माणसं नक्की केली गेली. त्यानंतर या गृहस्थांनी पद सोडलं आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले, आणि दादांची सत्ता गेल्यावर पुन्हा न्यायाधीश म्हणून परत आले. हे वर्तन आहे. वर्तनाला साक्षीदार असतात आणि ते रचणं अवघड असतं.

आनंदीबाईच्या बाबतीत वाक्य काढून टाकलं की खाली काहीच उरत नाही, कागदही नाही. हा फरक मी करतो. बोलणं काढून घ्या आणि मागे काय उरतं ते बघा, मग ते माणूस चांगलं म्हणून प्रसिद्ध असो की वाईट म्हणून.

आणि खरं सांगू, दरबारातला तो एक बाणेदार क्षण मला त्या सहा आठवड्यांपुढे लहान वाटतो. रोज सकाळी उठायचं, माणसं बोलवायची, जबान्या घ्यायच्या, एकाची गोष्ट दुसऱ्याशी ताडून बघायची. समोरचा प्रत्येक जण घाबरलेला, कारण ज्याच्याविरुद्ध बोलायचं तोच आता पेशवा. लिहून घेणारा कारकून घाबरलेला. ज्या सरकारचं खायचं त्याच सरकारचा गुन्हा शोधायचा. सहा आठवड्यांत थांबायला किती निमित्तं मिळाली असतील! तब्येत बरी नाही, साक्षीदार गाव सोडून गेला, सणवार आले. यातलं एकही निमित्त पुढे करून चौकशी गुंडाळली गेली नाही. चांगुलपणा लिहायचा तर मी हे लिहीन. बाणेदार वाक्य कुणालाही एखाद्या दिवशी सुचेल.

शिलेदारांनी पगाराचं लिहिलं ते दोनशे टक्के बरोबर. आणखी एक नाव कृष्णाकाठच्या ताईंसाठी: सखारामबापू बोकील. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांतले पहिले. बापूंना कटाची आगाऊ माहिती होती असा संशय तेव्हापासून आहे, आणि तरी काही महिन्यांत तेच बारभाईंच्या, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, आघाडीला होते, नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंच्या पोटातल्या वारसाच्या बाजूने. पुढे १७७९ मध्ये नाना फडणीसांनी त्यांना कैदेत टाकलं. हा माणूस मला दादांपेक्षा कठीण वाटतो. दादांच्या मनात काय होतं याचा तर्क तरी करता येतो. बापू सगळ्या बाजूंनी थोडे थोडे होते, आणि राज्य चालवायला असे लोक लागतातही, हे मान्य करताना त्रास होतो.

---

पालशेतची वाट

'बोलणं काढून घ्या आणि मागे काय उरतं ते बघा.' हे वहीत लिहून ठेवलं.

---

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. सर, तुमचे दोन्ही प्रतिसाद परत परत वाचले. ते वाईजवळचं खेडं माझ्या घरापासून लांब नाही आणि रामशास्त्र्यांचा हा भाग मी आराखड्यात घेतलाच नव्हता, दिवस संपतो तिथे कादंबरी संपते म्हणून. आता वाटतं, शेवटी त्या चौकशीतल्या जबान्यांचा एक छोटा भाग जोडावा. एकच दिवस, पण वेगवेगळ्या तोंडांनी सांगितलेला.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. पहिली, सुरुवात पर्वतीच्या वाटेवरून केली आहे, तिथे दुष्टपणाची काही चाहूल द्यावी का? दुसरी चापाजीबद्दल. त्याच्यावर कागदात दोन-तीन ओळींपलीकडे काही नाही. त्याचं घर, बायको, पोरंबाळं मी रचली तर चालेल का? आधी तुम्ही म्हणालात की घटना रचू नये.

---

बोरू आणि शाई

जबान्यांची कल्पना उत्तम आहे, ती धरून राहा. प्रत्येकाला आपल्या जबानीत स्वतःला थोडं थोडं वगळू द्या. ४९ पैकी पाच-सहा पुरेत.

चाहुलीबद्दल. ढग, कुत्र्यांचं रडणं, डोळ्याचं लवणं यातलं काही नको. तुम्हाला खरी चाहूल इतिहासानेच दिली आहे आणि ती याहून भयानक आहे. गारद्यांत काहीतरी शिजतं आहे ही कुणकुण नारायणरावांना त्याच दिवशी लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना सांगितलं, बंदोबस्त ठेवा. हरिपंतांना एका स्नेह्याकडे जेवायचं आमंत्रण होतं, ते तिकडे गेले. बस, एवढंच. हरिपंत कटात नव्हते. पुढे बारभाईंच्या वतीने दादांच्या मागे फौज घेऊन लागले ते हेच, आणि मरेपर्यंत इमानाने वागले. वाईट माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवताच येत नाही. भाद्रपदातले गणपतीचे दिवस, स्नेह्याचं घर, पान वाढलेलं. आधी जेवून घेऊ, मग बघू, असं त्यांना वाटलं असेल. तो पाट, ती पंगत, आग्रहाने वाढणारी घरची माणसं, सगळं सावकाश लिहा. वाचकाला पुढचं ठाऊक आहे, त्यामुळे प्रत्येक वाढपाला त्याच्या पोटात गोळा येईल. हरिपंतांना काहीही ठाऊक नाही, आणि त्यांना ते ठाऊक करून देऊ नका. पर्वती दुसऱ्या प्रकरणात गेली तरी चालेल.

नारायणरावांनाही देवदूत करू नका. पोर उतावळं होतं, तोंडाने फटकळ, माणसं दुखावणारं. थोरल्या भावाचं, माधवरावांचं, थेऊरला निधन होऊन वर्षही झालं नव्हतं आणि गादीवर बसल्यापासून अनेकांशी त्याने वाकडं घेतलं होतं. त्याचे दोष खरे लिहिलेत तरी चीड कमी होणार नाही. उलट मारलं गेलेलं माणूस निर्दोष असावंच लागतं ही समजूत जाईल, आणि ती जायला हवी.

चापाजीचं घर खुशाल रचा. मी घटना रचू नका म्हणालो ती नोंदलेल्या घटनेच्या जागी. जिथे कागद मुका आहे आणि रचलेलं कुणावर आळ आणत नाही, तिथे लेखकाला मोकळीक आहे. फक्त त्याला पहिल्या पानापासून शूर करू नका. त्याला घर द्या, उसनवारी द्या, पगार वेळेवर न मिळाल्याची त्याचीही कुरकुर द्या, गारद्यांमध्ये ओळखीचा एखादा माणूस द्या. म्हणजे तो रिकाम्या हातांनी त्या खोलीत का शिरला हे तुम्हाला त्याच्यासोबत राहूनच शोधावं लागेल. मी या प्रसंगावर पूर्वी लिहिलं आहे आणि स्वामिनिष्ठा हा शब्द वापरून मोकळा होण्याचा मोह मला झाला होता. तो शब्द तुम्ही वापरू नका, दुसरं काही सापडतं का बघा.

प्रस्तावनेत मात्र साफ लिहा की त्याच्या मरणाच्या ओळी इतिहासाच्या आहेत आणि घर तुमचं आहे. आणि हरिपंतांच्या पंगतीचं प्रकरण झालं की मला पाठवा, वाचून सविस्तर कळवतो.